उताऱ्यावरचे कुलूप

डिजिटल पाठ्यपुस्तकातला मजकूर वाचता येतो, पण पुष्कळदा उचलता येत नाही. ओळींवर बोट दाबून धरले तरी त्या निवडल्या जात नाहीत. निवडल्या गेल्या तर ‘कॉपी’चे बटण पुसट दिसते. तेही चालले, तर चार-सहा परिच्छेदांनंतर या पुस्तकापुरती मर्यादा संपल्याची सूचना झळकते. छपाई करायची तर मोजक्याच पानांची. पडद्याचा फोटो काढावा म्हटले तर मोबाइलमध्ये नुसती काळी चौकट उमटते. हे सगळे रीतसर पैसे भरून घेतलेल्या पुस्तकाच्या बाबतीत घडते. ज्याने तेच पुस्तक कुठल्याशा टेलिग्राम गटातून फुकट उतरवून घेतले, त्याच्या प्रतीत यातला एकही अडसर नसतो.

पाठ्यपुस्तक कादंबरीसारखे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचत नाही. ते मोडून, तोडून, निवडून वाचले जाते. व्याख्या वहीत उतरते, आकृती जर्नलमध्ये जाते, सूत्रांची चिठ्ठी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री चार पुस्तकांतले चार उतारे एकत्र करून केलेले दोन पानी टिपणच काय ते उपयोगी पडते. मराठी मुलुखात अक्षरओळख कित्ता गिरवण्यापासून होत असे. म्हणजे नक्कल ही शिकण्याची पहिली पायरीच होती. ‘कॉपी’ या शब्दाचे दैव मात्र इथे फिरले. महाराष्ट्रात कॉपी म्हटले की परीक्षेतला गैरप्रकार आठवतो आणि त्याविरुद्ध शासनाचे कॉपीमुक्त अभियान चालते. त्यामुळे एखाद्या पुस्तकात ‘कॉपी करता येणार नाही’ असे लिहिलेले दिसले, तर त्यात काही तरी शिस्तीचे आणि सोज्वळ असावे असा भास होतो. प्रत्यक्षात जे अडवले जाते ते टिपण काढणे असते.

या कुलपांचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि त्यांची ताकदही सारखी नाही. सर्वांत साधा प्रकार पीडीएफ फाइलीतला. अशा फाइलीत परवानग्यांची एक नोंद असते: छपाई चालेल की नाही, मजकूर उचलता येईल की नाही, बदल करता येतील की नाही. फाइल उघडायला संकेतशब्द लागत नसेल, तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती सगळा मजकूर आलेलाच असतो. केवळ नोंद पाळायची म्हणून तो कॉपीचे बटण बंद ठेवतो. सोसायटीच्या फाटकावर ‘येथे वाहने लावू नयेत’ अशी पाटी असावी, तेवढाच हा बंदोबस्त. पाटी न मानणारे प्रोग्रॅम सहज मिळतात. दुसरा प्रकार खऱ्या कुलपाचा: पुस्तक सांकेतिक रूपात साठवलेले असते आणि त्याची किल्ली ग्राहकाच्या खात्याशी किंवा यंत्राशी जोडलेली असते. ॲमेझॉनच्या किंडलची बहुतेक पुस्तके आणि अडोबीच्या पद्धतीने विकली जाणारी पुस्तके अशी चालतात. उतारे किती घेता येतील हे तिथे प्रकाशक ठरवतो, आणि सहसा पुस्तकाचा काही टक्के भाग अशी ती मर्यादा असते. तिसरा प्रकार सर्वांत चिवट. पुस्तक फाइल म्हणून मिळतच नाही. ते ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये पानापानाने दाखवले जाते, कधी तर अक्षरांऐवजी पानाचे चित्रच येते. चित्रातून शब्द निवडणार कसा? मग विद्यार्थी लॅपटॉपच्या पडद्यावर मोबाइल धरून फोटो काढतो, आडव्या लाटांसारख्या रेघा उमटलेल्या त्या फोटोतून गुगल लेन्सने मजकूर काढतो आणि ‘५’ चा ‘६’ झाला आहे का, हे एकेक आकडा ताडून पाहतो. पन्नास शब्दांच्या उताऱ्यासाठी दहा मिनिटे जातात.

कुलूप लावणाऱ्याला आपण नेमके काय बंद करतो आहोत हे कळत नाही, याचे एक जुने उदाहरण प्रसिद्ध आहे. २००० सालाच्या सुमारास अडोबीच्या ई-बुक प्रणालीत ‘ॲलिस इन वंडरलँड’ उपलब्ध होते. हे पुस्तक १८६५ चे. त्यावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला. तरीही त्याच्या परवानग्यांच्या यादीत मजकूर उचलता येणार नाही, छापता येणार नाही, कोणाला देता येणार नाही आणि मोठ्याने वाचताही येणार नाही, अशी कलमे होती. शेवटचे कलम यंत्राच्या ‘वाचून दाखवा’ या बटणाबद्दल आहे, असा खुलासा कंपनीने केला. खुलासा खरा होता. पण जे पुस्तक जगात कोणीही छापावे, वाचावे, वाटावे, त्यालाही कुलूप लागू शकते हे त्याने लपले नाही. कायदेपंडित लॉरेन्स लेसिग यांनी आपल्या २००४ च्या ‘फ्री कल्चर’ या पुस्तकात याच प्रसंगावर बोट ठेवले. स्वामित्वहक्काला मुदत असते आणि अपवाद असतात. कुलपाला मुदतही ठाऊक नसते आणि अपवादही.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातली सर्वांत जाचक बाब वेगळीच आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. दहावी किंवा बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा अभियांत्रिकी, परिचर्या किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जातो आणि एकाएकी सगळी पुस्तके इंग्रजी होतात. त्याला विषय अवघड नसतो; वाक्य अवघड असते. मराठीत ‘अभिसरण’ म्हणून ओळखलेली संकल्पना त्याला समोरच्या इंग्रजी परिच्छेदात ओळखू येत नाही. अशा मुलाच्या हाती असलेले सर्वांत स्वस्त साधन म्हणजे परिच्छेद उचलून भाषांतराच्या खिडकीत टाकणे. भाषांतर ओबडधोबड येते, पण वाक्याचा कर्ता कोण आणि क्रियापद कोणते एवढे तरी हाती लागते. मग तो पुन्हा मूळ इंग्रजीकडे वळतो. छापील पुस्तकात त्याला शब्दकोश उघडून बसावे लागे. डिजिटल पुस्तकात ते काम सोपे व्हायला हवे होते. कॉपीबंदीने ते छापील पुस्तकाहूनही अवघड केले, कारण आता एकेक शब्द पाहून दुसऱ्या खिडकीत टंकावा लागतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हा अडसर अधूनमधून लागतो, मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला पानोपानी. बंधन सर्वांना सारखे असले तरी त्याचा भार सारखा पडत नाही.

अंध विद्यार्थ्यांची गत याहून बिकट असते. पडदावाचक प्रोग्रॅम मजकूर बोलून दाखवतो, पण त्यासाठी तो मजकूर त्याच्या हाती पडावा लागतो. कॉपी रोखणारे कुलूप पुष्कळदा त्यालाही रोखते. पान चित्ररूपात असेल तर प्रश्नच मिटला. २००९ मध्ये किंडल-२ या यंत्रात पुस्तक वाचून दाखवण्याची सोय आली, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकसंघटनेने त्यावर हरकत घेतली आणि ॲमेझॉनने ती सोय चालू ठेवायची की बंद हे प्रकाशकांवर सोपवले. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी सुलभ प्रती करण्याचा मार्ग मोकळा करणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि तो सर्वांत आधी मान्य करणारा देश भारत होता, २०१४ मध्ये. भारतीय कायद्यात अशा प्रतींसाठी अपवाद त्याआधीच, २०१२ च्या दुरुस्तीने आला होता. म्हणजे कायद्याच्या बाजूने कसर नाही. कसर आहे ती पडदावाचकाला अडवणाऱ्या फाइलीत.

मालकीचा प्रश्न कॉपीच्या प्रश्नाला चिकटूनच येतो. छापील पुस्तक एकदा विकले की प्रकाशकाचा त्या प्रतीवरचा हात सुटतो. वरच्या वर्गात गेलेला विद्यार्थी ते ज्युनिअरला देतो, किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावर विकून टाकतो. त्या पैशांत पुढच्या वर्षाची जुनी पुस्तके येतात. समासातली पेन्सिलची टिपणे त्या प्रतीबरोबर पुढे जातात, आणि हुशार विद्यार्थ्याची जुनी प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाची ठरते, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. डिजिटल पुस्तकाची विक्री होतच नाही. वापराची परवानगी मिळते, आणि तीही अनेकदा सहा महिन्यांची किंवा वर्षाची. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये एका डच प्रकरणात ई-पुस्तकाच्या पुनर्विक्रीला नकार दिला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने विक्रेत्यांना निदान एवढे स्पष्ट सांगणे भाग पाडले आहे, की ‘विकत घ्या’ या बटणामागे फक्त परवाना आहे.

परवाना परत घेता येतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके परस्पर पुसली. ती ज्याने विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते. नेमकी हीच पुस्तके पुसली जावीत, हा योगायोग एखाद्या कथेत कोणी खपवून घेतला नसता. मिशिगनमधल्या एका शाळकरी विद्यार्थ्याने अभ्यासासाठी त्यातल्या एका पुस्तकावर टिपणे काढली होती. टिपणे राहिली, पण ती ज्या ओळींबद्दल होती त्या ओळी गेल्या, आणि ‘हे महत्त्वाचे’ असे नुसते लिहिलेले टिपण कशाबद्दल होते हे कळायला मार्ग उरला नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीने मिटले. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली सगळी पुस्तके नाहीशी झाली. कंपनीने पैसे परत केले, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. टिपणांची किंमत असते हे एका कंपनीने आकड्यात मान्य केल्याचे हे विरळा उदाहरण.

भारतातला कायदा या बाबतीत पाहण्यासारखा आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातले कलम ५२ अपवादांची यादी देते. खासगी वापर, संशोधन, टीका यांसाठी रास्त उपयोग चालतो. आणि शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत हा हक्कभंग ठरत नाही. या शेवटच्या तरतुदीची कसोटी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावरून लागली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस आणि विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकली जात होती. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. आपल्या विद्यार्थिदशेत मुले ग्रंथालयात पाळीपाळीने बसून पुस्तकातली पानेच्या पाने हाताने उतरवून घेत, ही आठवण त्यांनी निकालपत्रात नोंदवली, आणि हाताने जे चालते ते यंत्राने केल्याने गुन्हा होत नाही असा युक्तिवाद मांडला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा सुनावणीसाठी पाठवले, तरी मूळ तत्त्व कायम ठेवले: शिकवण्यासाठी जेवढे लागते तेवढे घेता येते, टक्केवारीची मर्यादा त्यावर नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

आता हेच पुस्तक डिजिटल झाले, तर त्या निकालाचे काय होते? कागदावर काहीच होत नाही. हक्क तसाच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडले तरच. कायद्याने मना न केलेल्या कारणासाठी कुलूप उघडले तर तो गुन्हा नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल स्वामित्वहक्क कायद्यापेक्षा ही मांडणी पुष्कळ शहाणी आहे. तिथे कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध मानला जातो आणि सूट हवी असणाऱ्यांना दर तीन वर्षांनी नव्याने अर्ज करावा लागतो. त्याच कायद्याखाली दिमित्री स्क्लारोव या रशियन प्रोग्रॅमरला जुलै २००१ मध्ये लास व्हेगासमध्ये अटक झाली होती. त्याने लिहिलेला प्रोग्रॅम अडोबीच्या ई-पुस्तकांचे कुलूप काढत असे. त्याच्या कंपनीला ज्यूरीने पुढच्या वर्षी निर्दोष ठरवले.

भारतीय कलमाची अडचण दुसरीकडे आहे. विद्यार्थ्याला कुलूप उघडण्याची मुभा आहे, पण ते उघडून देण्याचे बंधन कोणावरच नाही. दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने मात्र मदत घेणाऱ्याचे नाव, पत्ता, कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. महाविद्यालयाचा ग्रंथपाल असली जोखीम कशाला घेईल? युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात, ठरावीक अपवादांचा लाभ वाचकांपर्यंत पोचेल अशी सोय हक्कदारांनी करावी, नाही तर सरकारांनी त्यांना ती करायला लावावी, असे निदान लिहिलेले आहे. भारतात तेवढेही नाही. परिणामी झेरॉक्सवाल्याकडे जो हक्क दोन रुपयांत बजावता येतो, तो हजार रुपयांच्या ई-पुस्तकात कागदोपत्रीच राहतो.

प्रकाशकांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मराठीत एखादे तांत्रिक पुस्तक काढणारा प्रकाशक काहीशे प्रतींच्या हिशेबाने चालतो. त्याच्या पुस्तकाची पीडीएफ एका व्हॉट्सॲप गटात पडली की आवृत्ती गोदामात राहते. लेखकाला मानधन मिळावे, संपादकाचा पगार निघावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण कॉपीबंदीने हे साधते का, हा प्रश्न वेगळा. चोरट्या प्रती उताऱ्याउताऱ्याने बनत नाहीत. कोणी तरी एकजण एकदा कुलूप काढतो किंवा छापील पुस्तक स्कॅन करतो, आणि पुढे हजारो जण बिनकुलपी प्रत वापरतात. ज्याला बंधन जाचते तो प्रामाणिक ग्राहक असतो, आणि त्याला चोरट्या प्रतीकडे ढकलणारे कारणही पुष्कळदा किंमत नसते. ती प्रत वापरायला सोपी असते. संगीताच्या धंद्याने हा धडा आधी घेतला: ॲपलने जानेवारी २००९ मध्ये आयट्यून्सवरच्या गाण्यांचे कुलूप काढण्याची घोषणा केली, आणि गाणी विकली जायची थांबली नाहीत. टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनाने २०१२ पासून आपली ई-पुस्तके बिनकुलपी विकली. स्प्रिंगर ही प्रकाशनसंस्था ग्रंथालयांना प्रकरणागणिक साध्या पीडीएफ देते, आणि शोधनियतकालिकांत तर हीच रीत आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेतून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून जी नियतकालिके विद्यापीठांना खुली झाली, त्यांतले लेख उतरवून घेऊन त्यांतला परिच्छेद टिपणात टाकायला कोणी अडवत नाही. तोच प्रकाशनव्यवसाय पाठ्यपुस्तकाकडे वळला की हात आखडतो.

याचे कारण बहुधा चोरीच्या भीतीत पुरते सापडत नाही. पियर्सन या पाठ्यपुस्तक-प्रकाशन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी बर्ड यांनी २०२२ मध्ये उघडच सांगितले होते, की छापील पाठ्यपुस्तक सात-सात वेळा विकले जाई आणि कंपनीला फक्त पहिल्या विक्रीचे पैसे मिळत. कुलूप बसले की जुन्या पुस्तकांचा बाजारच उरत नाही. यावर वाद घालता येईल, पण निदान तो वाद चोरीच्या नावाखाली घालू नये.

मध्यम मार्ग आहेत आणि ते वापरातही आहेत. प्रत्येक पानावर खरेदीदाराचे नाव किंवा ईमेल पुसट छापले, तर प्रत पसरवणारा ओळखता येतो आणि टिपण काढणाऱ्याचे काही अडत नाही. कुलूप ठेवायचेच असेल तर परवान्याची मुदत संपली तरी विद्यार्थ्याची टिपणे, त्याने खूण केलेल्या ओळींसकट, फाइल म्हणून हाती मिळावीत. यात प्रकाशकाचे काही जात नाही. सार्वजनिक पैशाने तयार झालेल्या पुस्तकांना तर कुलपाची गरजच नाही. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाची पुस्तके २०१२ पासून मोफत आणि खुल्या परवान्याने मिळतात. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर आहेत. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि शिक्षक ती रोज वापरतात.

इथे मराठीपुरती एक अडचण उरते आणि ती कोणा प्रकाशकाच्या हट्टातून आलेली नाही. बिनकुलपी मराठी पीडीएफमधला मजकूरही पुष्कळदा उचलता येत नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम यांसारख्या जुन्या पद्धतींच्या फाँटांत देवनागरी अक्षर हे केवळ रूप असते. आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे. कृतिदेवमध्ये जुळवलेला ‘भारत’ हा शब्द उचलून दुसरीकडे टाकला तर ‘एच-के-के-जे-आर’ ही पाच रोमन अक्षरे उतरतात. पडदावाचकही तेच वाचतो, शोधयंत्रालाही तेच दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण नुसते युनिकोड वापरून भागत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते आणि नंतर साठवली जाते; रफाराचे नेमके उलट. पीडीएफ बनवताना ही जुळणी नीट झाली नाही, तर ‘विद्यार्थी’ उचलल्यावर वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे आणि मधले जोडाक्षर गायब, असा शब्द हाती येतो. छपाईसाठी जुळवलेले पान तसेच संकेतस्थळावर चढवण्याची सवय याच्या मुळाशी आहे. पीडीएफच्या जोडीला त्याच पुस्तकाचा युनिकोड मजकूर ई-पब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात ठेवला, तर उतारा उचलणे, भाषांतर करणे, ऐकणे आणि शोधणे ही चारही कामे एकदम सुटतात. नवी पुस्तके युनिकोडमध्ये जुळवली जात असतील, तर त्यासाठी वेगळे टंकलेखनही करावे लागत नाही; जुन्या फाँटातल्या पुस्तकांसाठी रूपांतराचे प्रोग्रॅम आहेत, त्यानंतर एकदा मुद्रितशोधन करून घ्यावे लागते.